सैल केलेली तार

"मॅडम, तुमची ती घंटी जरा बंद ठेवता का? माझे पेशंट दचकतात."

सारंगखेड्याच्या यात्रेत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो असा. ओळख नाही, पाळख नाही, सरळ तक्रार. मी मान वर केली. पांढरा कोट, हातात रबरी मोजे, आणि डोळे असे की रागावायचं ठरवूनही राग जागेवर राहीना.

आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या मांडवाला लागूनच सिकलसेल तपासणीचा तंबू होता. मध्ये फक्त एक कापडी पडदा. तिकडे तो लोकांच्या बोटांना सुई टोचून थेंबभर रक्त घ्यायचा, आणि इकडे मी आठवीला शिकवते ते विजेचं प्रकरण अख्ख्या यात्रेला शिकवत होते. टेबलावर वेडीवाकडी वळवलेली तांब्याची जाड तार, तिच्यात अडकवलेली दांडीची कडी, दोन सेल आणि एक घंटी. कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. वाटेत तारेला टेकली की परिपथ पूर्ण होतो, वीज वाहते, घंटी वाजते आणि तुम्ही बाद. घोडेबाजारातले भले मिशाळ गडी यायचे आणि पहिल्याच वळणावर घंटी वाजवून लाजत परत जायचे.

"घंटी मी नाही वाजवत, लोकांचे हात वाजवतात," मी म्हटलं. "तुम्ही कडी शेवटपर्यंत नेऊन दाखवा, लगेच बंद करते."

"हात?" तो हसला. "अहो, रडणाऱ्या पोराला मी टोचलेली सुई कळत नाही."

त्याने मोजे काढले, कडी धरली. पहिलं वळण सुटलं. दुसरंही सुटलं. आता शाळेची अब्रू जाते की काय, म्हणून मी वाकून बघायला गेले... आणि त्याने नेमकं तेव्हाच माझ्याकडे पाहिलं.

घंटी खणखणली.

"तुमचे सेल फार जोरदार आहेत," तो म्हणाला.

"दीड व्होल्टचे आहेत, घड्याळात घालतात ते. हात कापतो त्याला सेल काय करणार?"

त्याचं नाव भाग्येश. रनाळ्याचा. हे मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तो पुन्हा हजर. मग रोजच. पेशंटच्या दचकण्याचा विषय कधी मागे पडला ते दोघांनाही कळलं नाही. माझ्यासोबत मांडवात बसणारी, गणित शिकवणारी शीला मात्र सगळा हिशेब ठेवून होती. "गायत्री, हा चहाच्या सुट्टीत येतो, पण चहा कधी पितो ग?" ती म्हणायची, आणि मी उगाच तार पुसायला घ्यायचे.

एकदा तो टेबलाखाली वाकून म्हणाला, "सेलला दोन वायरी कशाला? एकीने भागत नाही?"

"नाही भागत. सेलमधून निघालेल्या विजेला परत सेलपर्यंत यायला वाट लागते. परतीची वाट नसेल तर ती जागची हलत नाही."

"म्हणजे एकाच बाजूने कितीही जीव टाकला..."

"तरी घंटी वाजत नाही."

"मग दुसऱ्या बाजूला काय चाललंय, ते कुणाला विचारायचं?"

"आठवीचं पुस्तक आहे ना," मी म्हटलं, आणि कान गरम झाले म्हणून शाल डोक्यावरून ओढून घेतली.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण माझी जीभ. त्याच संध्याकाळी त्याने शीलादेखत विचारलं, "मी जिंकलो तर... तुमच्या घरी येऊ का? बाबांना भेटायला." काय म्हणायचंय ते मला लख्ख कळलं. आणि तोंडातून काय निघालं? "आधी जिंका. नाही जिंकलात तर हा विषय काढायचा नाही."

मी आपली थट्टा केली होती. त्याने ती शब्दासारखी घेतली.

"कबूल," तो म्हणाला.

त्यानंतर तो आला की हरायचा आणि गप्प निघून जायचा. मी कोपर अंगाला टेकवायला सांगितलं, श्वास धरायला सांगितलं, तारेची वळणं गुपचूप थोडी सरळसुद्धा केली. पण आता कडीच्या टोकाला घंटी नव्हती, मी होते. त्याचा हात जास्तच कापायला लागला.

यात्रेचा शेवटचा दिवस उजाडला. त्यांचा तंबू दुपारी सुटणार होता, आणि पुढचा मुक्काम थेट धडगावच्या डोंगरात. आज तो हरला तर शब्द पाळून निघून जाणार, कायमचा. असली माणसं शब्द पाळतात, हीच तर अडचण. मलाही दिलेला शब्द गिळता येत नव्हता, आमच्या घरात हट्ट वारशाने मिळतो. पण तारेने कुठे कुणाला शब्द दिला होता?

मी टेबलाखाली वाकले. सेलच्या डबीचा स्क्रू सैल केला आणि वायरचं टोक अलगद बाहेर काढलं. परिपथ तुटला. आता त्याने कडी तारेवर नाचवली तरी घंटी वाजणार नव्हती. सांगू? मला जराही लाज वाटली नाही.

मी उभी राहते तोच समोर माझे बाबा, रतिलाल पाटील. दरवर्षी घोडी बघायला यात्रेला येतात, दात मोजतात, चाल बघतात आणि न घेता घरी जातात. माझ्यासाठी आलेली स्थळंही त्यांनी आजवर तशीच बघितली होती.

"काय करी ऱ्हायनी व पोरी?" ते म्हणाले. आणि मागून भाग्येश आला.

त्याने कडी धरली. माणसं जमली. कडी दोनदा तारेला घासलेली मी डोळ्यांनी पाहिली. घंटी गप्प. कडी शेवटाला पोचली. टाळ्या पडल्या, शीलाने शिट्टी वाजवली, बाबांनीही मान डोलावली.

भाग्येश मात्र हसला नाही. त्याने कडीकडे पाहिलं आणि मुद्दाम ती तारेवर दाबून धरली. काहीच वाजलं नाही. मग तो खाली वाकला. सुटलेलं टोक त्याला दिसलं, सैल झालेला स्क्रूही दिसला.

"ही वायर आपोआप निघाली?" त्याने हळूच विचारलं.

"थंडीने निघाली असेल," मी शालीचे गोंडे मोजत म्हटलं. "धातू आकुंचन पावतात. पुस्तकात आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू असं पसरत गेलं, की मी तिथेच पकडले गेले. त्याने टोक परत आत घातलं, स्क्रू घट्ट पिळला, कडी टेकवून घंटी वाजवून बघितली आणि लोकांना म्हणाला, "ही खेप धरू नका. मी पुन्हा करतो."

"येडा शेस का तू?" माझ्या तोंडून निघूनच गेलं. "जिकना व्हतास ना!"

त्याला मी पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं, तेही घरच्या बोलीत. त्याने ते ऐकलं आणि कडी उचलली. यावेळी हात कापला नाही. ज्याचं उत्तर आधीच हातात पडलंय, त्याचा हात कशाला कापेल? एकेक वळण तो सावकाश उतरत गेला, शेवटचा पीळसुद्धा, आणि कडी पलीकडच्या खुंटीला टेकली. घंटीने ब्र काढला नाही. लोकांनी मांडव डोक्यावर घेतला.

तो थेट बाबांसमोर गेला. "काका, मी भाग्येश. रनाळाना. गायत्री मॅडमसाठे... तुमना घर येऊ का?"

बाबांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि जिंकूनही पुन्हा का खेळलास, ते आधी विचारलं. "पहिली खेपले बी घंटी वाजनी नही. मंग परत काबर कयं?"

"तार सुटेल व्हती, काका."

"कोनले समजनं व्हतं?"

"माले."

"मंग तार सुटनी कशी?"

भाग्येशने माझ्याकडे पाहिलं नाही. "थंडीनी," तो शांतपणे म्हणाला.

मला वाचवायला बघत होता. भर यात्रेत, माझ्याच बापासमोर, आयुष्यातलं पहिलं खोटं बोलत असावा, कारण कान लालबुंद झाले होते. त्या कानांकडे बघितलं आणि माझा सगळा हट्ट, सगळी ऐट कुठल्या कुठे गेली.

"बाबा," मी म्हटलं, "थंडीनी नही. मीच सोडेल व्हती."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, सेलच्या डबीकडे पाहिलं. मग खांदे हलवत असे हसायला लागले की टोपी सावरावी लागली.

"पोऱ्या," ते म्हणाले, "रईवारले ये. तुन्हा माय-बापले बी लई ये."

आई-बापांना घेऊन घरी यायचं आमंत्रण ऐकून शीलाने टाळी वाजवली, आणि काय झालं ते अर्धवटच कळलेल्या लोकांनीही वाजवली. भाग्येश कडी हातात धरून नुसता उभा होता. मी मात्र सगळ्या यात्रेदेखत त्याच्याकडे पोटभर पाहून घेतलं.