निषादावर थांबलेली धून

श्रवणमापन प्रयोगशाळेत काचेच्या अलीकडे बसून मुकुंद टिपणीस आपलीच धून ऐकत होते आणि त्यांना तिचा मनस्वी वीट आला होता. उमेदीची सगळी वर्षं एका चित्रमालिकेत गेल्यावर माणसाला दुसरं काय होणार?

‘शेवाळगड’चं संगीत त्यांचं. त्या गडावरच्या प्रत्येकाला त्यांनी एकेक ओळखधून दिली होती. आंधळ्या राजाची वेगळी, दगडी राक्षसाची वेगळी, बोलक्या हत्तीची तर फारच मिश्कील. पण लोकांच्या मनात घर केलं ते वेळूवतीच्या धुनेनं. ही बाई वेळूच्या बनात राहायची आणि हरवलेल्या पोरांना पदराखाली घ्यायची. ती पडद्यावर यायच्या आधी बासरी वाजायची आणि थिएटरातली किरकिरणारी मुलं चिडीचूप व्हायची. धून वर चढत निषादापर्यंत जायची आणि तिथेच थांबायची. पुढच्या षड्जावर ती सहा भागांत एकदाही पोचली नव्हती. तो शेवटचा सा मुकुंदरावांनी सातव्या भागासाठी राखून ठेवला होता. मुलाखतींतून त्याची इतकी फुशारकी मारून झाली होती, की आता त्या साची त्यांनाच धास्ती वाटायची.

सातव्या भागात वेळूवती मरते. दिग्दर्शक देवदत्त घोरपडे यांना त्या मरणावर ती धून हवी होती, अगदी त्या शेवटच्या ‘सा’सकट.

“एवढं हुकमी पान हातात असताना तुम्ही अडून का बसलाय, मुकुंदराव?” देवदत्तांनी विचारलं.

“मी सांगून थकलो. डॉक्टर, तुम्हीच समजवा यांना.”

डॉक्टर नफिसा मुजावर मेंदूतल्या आठवणींच्या तज्ज्ञ होत्या. पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “आठवण कपाटातल्या भांड्यासारखी नसते, घोरपडेसाहेब. थिजलेल्या पाकासारखी असते. धून कानावर पडली की तिचा स्मृतिबंध गरम होऊन पातळ होतो. त्या वेळी आसपास जे असेल ते त्यात पडतं आणि पाक पुन्हा थिजताना आतच राहतं. याला आम्ही पुनर्बंधन म्हणतो. आज या धुनेनं मुलांना धीर येतो. मरणाचं दृश्य दाखवून ती वाजवत राहिलात, तर हीच मुलं पुढे ती ऐकून दचकतील.”

“सगळीच?”

“बरीचशी. अगदी पाळण्यातले बंध मात्र चिवट असतात, असा माझा अंदाज आहे. तेच तर आज बघायचंय.”

त्यासाठी काचेपलीकडच्या खोलीत मुकुंदरावांची मुलगी ऋजुता खुर्चीत डोळे मिटून बसली होती. कपाळाला भावालेखकाच्या पट्ट्या होत्या; मनाला धीर वाटला की त्याची रेघ वर जायची, मन आखडलं की खाली. सिनेमाच्या कितीतरी आधी ही धून तिची अंगाई होती, हे मुकुंदरावांनी डॉक्टरांखेरीज आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता ती धारवाडला नोकरीला होती. सणावारी फोन करायची, तब्येतीची चौकशी करायची, आणि मग दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही. तरी जगात कुठेही ही धून वाजली की आपण तिला आठवत असू, या एका समजुतीवर म्हातारा तग धरून होता. बंध चिवट निघाला तर सा देऊन मोकळं व्हायचं, कच्चा निघाला तर देवदत्तांशी शेवटपर्यंत भांडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

नफिसांनी बटण दाबलं. एकदा ऐकवून काही सिद्ध होत नाही, म्हणून धून, मग थोडी शांतता, मग पुन्हा धून, असा क्रम होता.

धून सुरू झाली आणि भावालेखकाची रेघ खाली गेली. आखडली म्हणावं इतकी. मुकुंदराव बघत राहिले.

धून निषादावर थांबली. आता उरली नुसती शांतता, आणि रेघ एकदम उसळून वर आली.

“रिकाम्या जागेत?” नफिसा पुटपुटल्या. “असं आजवर कुणाचंच आलं नाही.” पुढच्या दोन फेऱ्यांतही तेच झालं, तेव्हा त्यांनी माइक सुरू केला. “ऋजुता, धून थांबली की मनात काय येतं?”

“विशेष काही नाही,” तिचा आवाज आला. “घरी बाबा हीच वाजवत असायचा. दार लावून. आत जायची सोय नव्हती, मी बाहेर बसून राहायचे. पण त्या वरच्या सुराला आला की थांबायचाच. पुढचा सूर म्हणे घरीसुद्धा वाजवायचा नव्हता. मग दार उघडायचं आणि आम्ही दोघं चहा करायला जायचो.”

नफिसांनी माइक बंद केला. देवदत्तांनी खिशातला मोबाइल उगाचच काढून पाहिला.

म्हणजे अंगाई केव्हाच वितळून गेली होती. तिच्यावर बंद दाराचे थर चढले होते आणि ते चढवणारा बाप स्वतःच होता. एवढी वर्षं ज्याची राखण केली ते जागेवर नव्हतंच. मुकुंदरावांना रडू आलं नाही. फक्त फार थकल्यासारखं वाटलं. लेकीच्या लेखी त्यांची ओळखधून म्हणजे ही न वाजवलेली जागा होती, आणि तिच्यात ते अजून शाबूत होते.

धून वाजत होती, थांबत होती. मुकुंदराव रेघेकडे बघत होते. मघाचा चढ आता तेवढा राहिला नव्हता.

“डॉक्टर, हा चढ दर वेळी कमी का होतोय?”

“सवयीनं होतं असं. कान सरावतात, मग...” नफिसा बोलता बोलता थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला.

देवदत्तांशी भांडता यावं म्हणून मुकुंदरावांनी तो पाकाचा धडा इतक्यांदा ऐकला होता, की त्यांना पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. शांतता सुरू झाली की तिचा तो बंध पातळ होत होता. आणि खोलीचं दार बंदच राहत होतं. धून थांबत होती आणि दार उघडून कुणीच येत नव्हतं. दर खेपेला तेच आत पडत होतं.

“मी बंद करते,” नफिसा घाईनं म्हणाल्या.

“नको. आत्ता बंद केलंत तर हेच थिजेल. आणखी एकदा वाजू दे.”

“आणि सा?” देवदत्तांनी विचारलं.

“त्याचं उद्या बघू.”

ते उठले. गुडघे कुरकुरले. ध्वनिरोधक दार जड होतं, त्याची मूठ धरून ते उभे राहिले. अलीकडच्या स्पीकरवर बासरी एकेक सूर चढत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःची धून लांबलचक वाटली. दाराच्या या बाजूला वाट बघणं कसं असतं ते त्यांना आज कळत होतं.

निषाद आला आणि थांबला. त्यांनी दार ढकललं.

रेघ वर गेली की नाही, हे त्यांना आता दिसणार नव्हतं. ऋजुतानं डोळे उघडले. कपाळावरच्या पट्ट्यांसकट ती त्यांच्याकडे बघत राहिली.

“झालं तुझं काम?” तिनं विचारलं.

“नाही झालं,” मुकुंदराव म्हणाले. “तरी आलो.”