नववीचा एकत्र वर्ग

जुलैत नववी ब तुकडीच्या खोलीचं छत गळायला लागलं, म्हणून ती मुलं अ तुकडीत आणून बसवली. वेळापत्रक बदलायचं मात्र राहून गेलं. त्यामुळे तिसऱ्या तासाला इंग्रजी शिकवायला एकाच दारात दोघं शिक्षक येऊन उभे राहिले.

एक यामिनी पोतनीस. राइट टाउनमधल्या या हिंदी माध्यमाच्या शाळेत ती सहा वर्षं शिकवत होती. दुसरा वेदांग गावंडे, शहराच्या दुसऱ्या टोकाहून, रांझीहून मोटरसायकलवर येणारा, महिन्याभरापूर्वी कंत्राटावर लागलेला. त्याच्या रेनकोटातून पाणी ठिबकत होतं.

"तुम्ही घ्या मॅडम," तो म्हणाला. "मी मागे बसतो. सध्या कोणाजवळ उभा राहायच्या लायकीचा नाही मी."

यामिनीला हसू आलं. ते तिनं हजेरीपटामागे दडवलं.

तिची शिकवायची रीत ठरलेली होती. एक ओळ इंग्रजीत वाचायची, अर्थ हिंदीत सांगायचा, शेवटी उत्तरं फळ्यावर. मुलं मुकाट्यानं उतरवून घेत. तास संपल्यावर जिन्यात वेदांगनं तिला गाठलं.

"एक विचारू? तुम्ही सगळंच सांगून टाकता. मग ते वाचतील काहून?"

"पास व्हायचं असतं त्यांना. तुमच्या वर्गात काय करतात?"

"लिहितात. चुकीचं लिहितात... पण आपलं लिहितात."

"आणि चुका तुम्ही तशाच ठेवता?"

"थोड्या ठेवतो. सगळ्या काढल्या तर उरते काय?"

यामिनीला रागच आला. घरी जाईपर्यंत स्कूटरवर ती त्याला मनातल्या मनात उत्तरं देत राहिली, आणि घराच्या फाटकाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपला चेहरा हसरा आहे.

छताचं काम लांबलं. मुख्याध्यापिका पद्मजा मॅडम म्हणाल्या, दोघं मिळूनच घ्या. मग वाचन यामिनीकडे आणि लेखन वेदांगकडे अशी वाटणी झाली. वर्गात मोनाली नावाची एक मुलगी होती, ती दर वेळी कोरं पान द्यायची. वेदांगनं एकदा घरातल्या एका माणसाबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा तिनं एकच ओळ लिहिली – ‘माय मदर स्लीप सिटिंग.’

यामिनीनं लाल पेन उघडलं. शेजारी उभ्या वेदांगनं पेनाचं टोपण तिच्यापुढे धरलं.

"आधी विचारा ना तिला," तो हळूच म्हणाला, "आई बसल्या बसल्या काहून झोपते. क्रियापद काही पळून नाही जाऊन राहिलं."

यामिनी मोनालीच्या बाकावर टेकली. तिनं विचारलं. मुलीनं मान खाली घालून हिंदीत सांगितलं – आई दिवसभर दोन घरी पोळ्या करते, संध्याकाळी शिलाईला बसते, मशीनवरच तिचा डोळा लागतो. "हेच लिही," यामिनी म्हणाली. मोनालीनं अडखळत आणखी चार ओळी लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी मोनालीला विचारून यामिनीनं त्या ओळी फळ्यावर घेतल्या, आणि कर्ता एकटा असला की क्रियापदाला काय लागतं ते समजावलं. मोनालीनं उठून स्वतःच ‘एस’ लावला. मागच्या बाकावरून वेदांग बघत होता. यामिनीकडे बघत होता, फळ्याकडे नाही... हे तिला कळलं, आणि तिच्या हातातला खडू मोडला.

थंडी आली तशी दोघं गच्चीवर उन्हात डबा खाऊ लागली. त्याच्याकडे झणझणीत झुणका, तिच्याकडे मटारच्या करंज्या.

"तुमचं मराठी फार हिंदी आहे," ती म्हणायची.

"आणि तुमचं फार इस्तरी केलेलं," तो म्हणायचा आणि तिच्या डब्यातली करंजी उचलायचा.

जानेवारीत कळलं की पुढच्या वर्षी नववीची एकच तुकडी राहणार. वेदांगचं कंत्राट वाढणार नव्हतं. यामिनी पद्मजा मॅडमकडे गेली. "नववी त्यांना द्या. मला सहावी चालेल."

"सहावीला माणूस आहे," मॅडम म्हणाल्या. "जागाच नाही यामिनी, मी तरी काय करू?"

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी अवकाळी पावसाची भुरभुर होती. यामिनी स्कूटरची सीट पुसत होती. वेदांग जवळ येऊन उभा राहिला.

"माझ्यासाठी भांडून आलात म्हणे. दया करून राहिल्या होत्या काय?"

"दया कसली? मुलांचं नुकसान होतं."

"फक्त मुलांचं?"

सीट पुसून झाली होती, तरी ती पुसत राहिली. "माझंही," ती शेवटी म्हणाली.

त्यानं रेनकोटाची टोपी मागे सारली. "रांझीतच एका शाळेत काम मिळालं मला. एप्रिलपासून. अच्छा झालं एका अर्थी. एका शाळेत असताना विचारणं... तुम्ही कायम, मी कंत्राटी. लोक तुम्हाला बोलले असते."

"काय विचारणं?"

"मैं... म्हणजे, घरी येऊ का तुमच्या? आई-बाबांशी बोलायला."

"बोलायचं काय त्यात," यामिनी म्हणाली. "मी दिवाळीतच सांगून ठेवलंय, एक माणूस आहे म्हणून. अजून त्यानं विचारलेलं नाही, एवढंच."

वेदांगनं तिच्या हातातलं ओलं फडकं घेतलं, पिळलं, घडी करून परत दिलं. त्याची बोटं फडक्याखाली जरा वेळ तिथंच राहिली.

"रविवारी येऊ?"

"उद्या या," ती म्हणाली. "रविवारी बाबा काकांकडे जातात, महाराजपूरला."