नंतरचा फोटो

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, तेव्हा मी भाषणाचं पहिलं वाक्य मनात घोळवत होते. ‘माणसाला हवी असलेली गोष्ट बहुतेक वेळा त्याच्या फोनमध्येच असते, फक्त वेळेवर सापडत नाही.’ वाक्य चांगलं जमलं होतं. ते ऐकणाऱ्या आमच्या विभागाच्या मॅडम मात्र वरच्या मजल्यावर होत्या आणि मी एका बंद पेटीत.

घंटा दाबली. बऱ्याच वेळाने वर कुठेतरी खडखडाट झाला, समोरचं दार दोन बोटं सरकलं आणि तिथेच अडलं. फटीतून आधी उजेड आला, मग ग्रीसचा वास आला आणि मग एक डोळा.

“आत कोण आहे?”

“मी.”

“एकट्याच?”

“हो. उघडताय ना?”

“उघडणार. आधी एक फोटो काढतो. हलू नका.”

फट क्षणभर लख्ख झाली.

“हे कशासाठी?” मी जरा रागानेच विचारलं.

“काम सुरू करण्याआधीचा फोटो. कंपनीचा नियम आहे. दार मुळात कसं होतं ते दिसायला हवं. नाहीतर उद्या म्हणतील, यानेच वाकवलं.”

तो उकिडवा बसला असावा. आता फटीत त्याचा अंगठा आणि फोन दिसत होता. अंगठा पानांवर पानं सरकवत होता, थांबत होता, पुन्हा वर जात होता.

“काय शोधताय?”

“पॅनेलवर बिघाडाचा नंबर आलाय. पॅनेल नवीन बसवलेलं. नंबरचा अर्थ पुस्तिकेत आहे, पुस्तिका फोनमध्ये आहे आणि फोन म्हणतो… असं काही नाहीच.”

“ओढून नाही का उघडता येणार?”

“येईल की. पण कशामुळे अडलंय ते कळल्याशिवाय मी दाराला हात लावत नाही. तुम्ही आत आहात.”

शेवटचं वाक्य त्याने पान्याचं माप सांगावं तसं सांगितलं. तरी मला ते दोनदा ऐकू आल्यासारखं वाटलं.

“एक पान मोठं करून बघा,” मी म्हणाले. “अक्षरांच्या कडा धुरकट आहेत? ओळी किंचित तिरक्या?”

“…आहेत.”

“मग ती स्कॅन केलेली पानं आहेत. फोनच्या लेखी ती नुसती चित्रं. चित्रात तो नंबर शोधणार कुठून? त्याचा नाद सोडा आणि शेवटून या. नंबरांचा तक्ता सहसा मागे असतो.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“माझं कामच आहे ते. लोकांच्या फोनमध्ये हरवलेलं शोधून द्यायचं.”

“असं होय? मग लवकर बाहेर या. माझ्या फोनमध्ये पुष्कळ हरवलंय.”

“मी बाहेर येणं तुमच्या हातात आहे.”

फटीतला डोळा हसला. एवढ्याशा जागेतही ते कळलं.

तक्ता सापडला. तो वर जाऊन वीज तोडून आला, दाराच्या खाचेतून काहीतरी काढलं आणि दार शांतपणे बाजूला झालं. फरशी माझ्या गुडघ्याएवढी वर होती. त्याने हात पुढे केला, मी तो धरला, वर चढले, आभार मानले आणि पळत सुटले. मागून तो काहीतरी म्हणत होता, “अहो, थांबा, अजून नंतरचा—” पण मी जिन्यावर होते.

मॅडमनी माझं भाषण शेवटपर्यंत ऐकलं. मी केलेलं साधन तसं सोपं होतं. फोनमधल्या पुस्तिका, फोटो, बोलून ठेवलेले निरोप सगळं ते आधीच वाचून ठेवायचं, चित्रातली अक्षरंसुद्धा. आणि विचारलं की, नेटवर्क नसतानाही, एकच उत्तर द्यायचं. यादी नाही. एक.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “पण वापरलं कुणी? तू, आणि तुझ्या शेजारच्या टेबलावरचे. खऱ्या कामावरचा खरा माणूस आण. महिनाअखेरीला माझ्यासमोर चाचणी. नाही जमलं, तर हे बंद आणि तू जाहिरातींच्या गटात.”

जाहिरातींच्या गटात लोक चपला शोधत असताना त्यांना छत्र्या कशा दाखवायच्या याचा अभ्यास चालतो. मला तिथे जायचं नव्हतं. काहीही झालं तरी जायचं नव्हतं.

घरी वहिनीला सगळं सांगितलं. वहिनी भाजी निवडत होती.

“आणि तो फटीतला? दिसायला कसा आहे?”

“अर्धाच नीट पाहिला गं.”

“मग उरलेला अर्धा बघायला जाशीलच.”

“कामासाठी जाणार आहे.”

“मी कुठे काय म्हटलं? कामासाठीच.”

लिफ्टमध्ये तक्रारीसाठी नंबर चिकटवलेला होता. मी फोन केला.

“लिफ्ट अडकली का?” तोच आवाज.

“लिफ्ट चालू आहे. मी अडकलेय.”

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मग, “पत्ता सांगा. येतो.”

माझं साधन त्याच्या फोनमध्ये बसलं, आणि त्यानंतर माझ्या दुपारी इमारतींच्या गच्चीवर जाऊ लागल्या. लिफ्टच्या यंत्राची खोली वर असते. लहान, गरम, तेलाच्या वासाची. दोर फिरायला लागले की जमीन पायाखाली हलकेच गुणगुणते. तो पॅनेल उघडून बसायचा, मी उलट्या बादलीवर. तो कसा शोधतो ते मी बघत होते. हातमोजा घातलेला, एक अंगठा, तोंडात टॉर्च. पूर्ण वाक्य कधीच नाही. ‘वर अडकली.’ ‘दार नाही.’ ‘धक्का देते.’ माझ्या टेबलावर आम्ही सगळे दोन हातांनी, शुद्धलेखन सांभाळून शोधत होतो. पहिल्या आठवड्यातच मी निम्मं साधन मोडून पुन्हा बांधलं.

“तुम्ही दमत नाही का?” त्याने एकदा विचारलं.

“दमते. पण थांबत नाही.”

“ते दिसतंय. बादलीला तुमची सवय झालीय.”

“आणि तुम्हाला?”

तो पॅनेलच्या तारांकडे बघत राहिला. “मी… अजून पुस्तिका वाचतोय.”

याच दिवसांत मी एक नियम घातला. माणूस जे पुन्हा पुन्हा उघडतो, ते त्याच्या उपयोगाचं असणार. म्हणून ते वर आणायचं. नियम सुरेख चालला. त्याला लागणारी पानं जणू आधीच येऊन उभी राहायची. मला त्या नियमाचा अभिमान होता.

चाचणी आमच्याच इमारतीत ठरली, त्याच लिफ्टवर. त्याच्या सहकाऱ्याने वर जाऊन दाराचा स्विच मुद्दाम सोडवून ठेवला. लिफ्ट थांबली. मॅडम हाताची घडी घालून उभ्या, मागे आमचा अख्खा विभाग. त्याने फोनचं नेटवर्क बंद करून दाखवलं आणि हातमोज्याच्या अंगठ्याने लिहिलं: ‘दार लॉक’.

एकच उत्तर आलं. काळोख, मधे उजेडाची उभी पट्टी, आणि त्या पट्टीत अर्धा चेहरा. एक डोळा, कपाळावर आलेली एक बट. माझी.

मॅडमनी चष्मा सावरून पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“हा लिफ्टचा कोणता भाग?”

“…आतला,” तो म्हणाला.

मागे कुणीतरी खोकलं. मॅडम वळल्या. “शुक्रवारी पुन्हा. शेवटचं,” एवढंच बोलून त्या गेल्या.

जिन्यात मी त्याला गाठलं. माझे कान तापले होते. लाजेने की रागाने, ते तपासायला वेळ नव्हता.

“हा फोटो कामाच्या फायलींमध्ये काय करतोय?”

“कामाचाच आहे. आधीचा फोटो. तुमच्यासमोरच काढला की.”

“तो वर आला, म्हणजे तुम्ही तो उघडत होता. पुस्तिकेपेक्षा जास्त वेळा. इतका उघडावा लागतो?”

तो कठड्यावरचा रंगाचा पोपडा नखाने काढत राहिला.

“…नाही. लागत नाही.”

खालून कुणीतरी वर येत होतं. आम्ही दोघंही बाजूला झालो. तो माणूस निघून गेला तरी कुणी जागचं हललं नाही.

“पुसून टाकतो,” तो शेवटी म्हणाला. “आत्ता, तुमच्यासमोर. शुक्रवारी मग काही आडवं येणार नाही. माझ्यामुळे तुमचं काम जायला नको.”

त्याचा अंगठा पुसायच्या खुणेवर गेलासुद्धा होता. मी त्याचं मनगट धरलं.

“पुसायचं नाही.”

“पण—”

“पुसलंत तर शुक्रवारी आपण पास होऊ आणि साधन तसंच चुकीचं राहील. फोन माणसांचे असतात. प्रत्येकाच्या फोनमध्ये असा एखादा फोटो असणार, कामाशी संबंध नसलेला आणि सारखा उघडलेला. चूक फोटोची नाही. माझ्या नियमाची आहे. मी तो दुरुस्त करणार.”

“फक्त एवढ्यासाठीच पुसायचा नाही?”

“सध्या एवढंच कारण सांगते.”

मनगट मी अजून सोडलं नव्हतं. ते लक्षात आलं तेव्हा सोडलं.

दुसऱ्या दिवशी बादलीवर बसून डोकं खाजवत होते. उघडणं मोजायचं नाही, तर मोजायचं काय? किती वेळ पाहिलं ते? तो फोटो त्यातही पहिला येणार. हे विचारायचीही गरज नव्हती. इतक्यात त्याच्या ऑफिसमधून फोन आला. पलीकडची बाई इतक्या मोठ्याने बोलत होती की मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“अरे, ते एक काम अजून उघडंच कसं? आधीचा फोटो आहे, नंतरचा नाही. मी किती वेळा सांगू?”

“टाकतो, ताई.”

“महिना होत आला टाकतोयस.”

त्याने फोन ठेवला. मी विचारलं, “कोणतं काम?”

“तुमचंच. दार उघडल्यावरचा फोटो राहिला. तो जोडल्याशिवाय काम पूर्ण झालं असं धरत नाहीत. तुम्ही उघडल्या उघडल्या पळालात.”

“नुसत्या दाराचा काढायचा होता.”

“काढता आला असता,” तो म्हणाला. “मग काम संपलं असतं.”

खाली कुणीतरी बटण दाबलं. दोर फिरू लागले, जमीन गुणगुणली, आणि मी ताडकन उठले. बादली कलंडली.

“सापडलं.”

“काय?”

“उघडलं किती वेळा तेवढंच मोजायचं नाही. त्याचा पुढे उपयोग झाला का, ते आधी बघायचं. जे काम पूर्ण झालं, त्यातल्याच फायली वर येतील. ज्याचं काम अर्धवट, त्याची फाइल कितीही वेळा उघडा, खालीच राहील.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे माझा फोटो खाली जाणार.”

“हो.”

“ते काम पूर्ण नाही म्हणून.”

“…हो.”

“बरं,” तो म्हणाला आणि बादली सरळ करून माझ्यासमोर ठेवली. “बसा. लिहा.”

शुक्रवारी मॅडमनी स्वतः आणखी दोन ठिकाणचे स्विच सोडवायला लावले. त्यांचा विश्वास सहज बसत नाही, म्हणूनच मी त्यांच्याकडे काम करते. त्याने तोंडात टॉर्च धरली, अंगठ्याने लिहिलं. ‘दार लॉक.’ पुस्तिकेचं पान आलं, नेमक्या आकृतीसह. ‘वर अडकली.’ त्याच्या जुन्या वस्तादाने बोलून ठेवलेला निरोप आला आणि आपोआप वाजू लागला, “घाई करू नकोस रे बाबा, आधी ब्रेक बघ.” ब्रेकचाच स्विच होता. विभाग हसला. मॅडमसुद्धा हसल्या, पण आवाज न करता.

“पुढच्या महिन्यात दहा माणसांना दे,” त्या मला म्हणाल्या. निघताना त्याच्याकडे वळल्या. “आणि तो आतला भाग?”

“फोनमध्येच आहे, मॅडम. सापडत नाही, एवढंच.”

“हं,” म्हणून त्या जिन्याने गेल्या. लिफ्टने नाही.

सगळे पांगले. तो दारापाशी गुडघ्यावर बसून शेवटचा स्क्रू आवळत होता. मी लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिले, त्या दिवशी उभी होते तिथेच.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काढा. नंतरचा फोटो. आज पळत नाही.”

तो उठला, हातमोजा काढला, हात पँटला पुसले. फोन धरला आणि उगाच बराच वेळ लावला. दार सताड उघडं, मागे उजेड, दोन्ही डोळे, दोन्ही कान, बहुधा लाल. क्लिक.

“आला?”

“पूर्ण आला.” तो फोनकडे बघतच होता. “आता हा जोडला की काम संपलं. ताई खूश.” अंगठा जोडायच्या खुणेवर थांबला. “पण मग… तुमच्या नियमाने दोन्ही फोटो वर येतील. दर वेळी. मी कुठेही, कुणाच्याही दारात उभा असलो तरी.”

“येतील.”

“साधन पुन्हा बिघडेल.”

“बिघडेल.”

“मग काय करू? जोडू?”

मी बाहेर आले. फरशी आता समतल होती, हात धरायची काहीच गरज नव्हती. मी तरी धरला. त्याच्या बोटांना तेलाचा वास होता, आणि आता तो मला ओळखीचा होता.

“नको जोडूस,” मी म्हणाले. “ताईंना सांग, हे काम चालू राहणार आहे.”