वाटाण्याएवढं हाड

एकाहत्तरची लढाई नुकतीच संपली होती. जबलपूरच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात चिंतामणी एक्स-रे काढत. त्या दुपारी गोरखपूर मोहल्ल्यातला तुळशीराम जिन्यावरून पडला म्हणून आला. चिंतामणींनी त्याला टेबलावर निजवून कमरेचा फोटो घेतला आणि प्लेट धुवायला अंधाऱ्या खोलीत गेले.

लाल दिव्याखाली चित्र उमटलं आणि त्यांनी प्लेट डोळ्यांजवळ नेली. दोन्ही खुब्यांच्या वाटीच्या काठाशी वाटाण्याएवढं सुटं हाड! उभ्या नोकरीत असं त्यांनी एकाच माणसाचं पाहिलं होतं. स्वतःच्या मुलाचं, चंद्रशेखरचं.

फौजेच्या तपासणीत डॉक्टरने एका खुब्याचं ते हाड पाहून 'मोडलंय' म्हणत पोराला नापास केलं, तेव्हा त्याच्या आईने, कुंदाने, आळीभर साखर वाटली होती. पण चिंतामणींना आपल्या कामाचा भारी अभिमान. दुसऱ्या खुब्याचा फोटो नेऊन त्यांनी डॉक्टरला पटवलं: दोन्हीकडे सारखं आहे, म्हणजे जन्मापासूनचं, मोडलेलं नाही. पोरगा पास झाला, पूर्वेच्या आघाडीवर, नद्यांच्या मुलखात गेला. मग तार आली, 'बेपत्ता'. असली हुशारी काय चुलीत घालायची! तेव्हापासून कुंदा रोज दारात विचारी, "काही आलं का?"

त्यांनी प्लेट उजेडात धरली. डाव्या मांडीचं हाड खुब्याखाली आरपार मोडलं होतं.

बाहेर तुळशीराम मात्र उभा राहून पायजमा बांधत होता.

"दुखून नाही राहिलं?"

"नाही जी. पण बाबूजी... बाजूला कोण झोपलं होतं? लई थंड... अन् ओलं."

टेबल कोरडं होतं. दुसरी प्लेट काढली, तर तीत तुळशीरामची हाडं धडधाकट. जादा काहीच नाही.

पहिली प्लेट त्यांनी वाळत टाकली. एरवी दोन तासांत वाळते. ही तिसऱ्या दिवशीही ठिबकत होती, आणि खालच्या तसराळ्यात नदीचा बारीक गाळ साचला होता. चिंतामणी तिथेच बसून पोटभर रडले. पोरगा आता नाही, हे आज कुंदाला सांगायचं, असं ठरवून घरी निघाले.

ती दारात उभी होती. नेहमीचा प्रश्न तिने विचारला नाही. त्यांच्या पाठीमागे पाहत ती हसली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"अहो... आपला चंदू... काहून लंगडून राहिला जी तो?"

चिंतामणी वळले. मागे कोणी नव्हतं. फाटकापासून त्यांच्या मागोमाग ओली पावलं उमटत आली होती. सगळी उजव्या पायाची.