होडीचा वाटा

तेव्हा मी पनवेलच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मेंदूची चित्रं काढायचे. उरणच्या दमयंतीबाईंच्या डोक्यात मागच्या बाजूला गाठ होती. ती काढण्याआधी नजरेची आठवण नेमकी कुठे राहते, हे सर्जनना कळायला हवं होतं. म्हणून त्यांना मशीनमध्ये झोपवून पडद्यावर क्षणभर रंगीत ठिपके दाखवायचे, मग पडदा रिकामा. त्या रिकाम्या वेळात मेंदू ठिपके धरून ठेवतो आणि चित्रात तेवढी जागा उजळते. किती होते ते बटण दाबून सांगायचं.

बाई दर वेळी एक जास्त दाबायच्या.

"दोनच होते ना?" मी विचारलं.

"दोन, न एक होरीचा."

मासळीचे वाटे घालताना एक वाटा होडीचा काढायचा, ही त्यांची जन्माची सवय. मला हसूच आलं.

"होरी बुडली, माजा पोरगा कल्पेशपन गेला तिच्यासंगती," त्या म्हणाल्या. "फोटो हाय, पन फोटोत तो हसत नाय. डोले मिटले का हसताना दिसतो. बाय, गाठीसंगती त्याचा तोंड नाय ना जायचा?"

"नाही हो," मी ठोकून दिलं.

मग चित्रं बघितली. एकही ठिपका न दाखवता पडदा रिकामा ठेवला तरी एक जागा उजळत होती, गाठीला अगदी चिकटून. आपण तीन-चार गोष्टी काही सेकंद धरून ठेवताना दमतो. ही बाई एक चेहरा वर्षानुवर्षं धरून होती. मी थक्क झाले, मनोमन हात जोडले. तरीही मशीनची खात्री करावी म्हणून स्वतः आत झोपले आणि रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले.

माझीही तीच जागा उजळली. इंजिनिअर म्हणाला, मशीन ठणठणीत आहे.

ऑपरेशन छान झालं. पुन्हा तपासायला आल्या तेव्हा बाईंनी ठिपके बरोबर मोजले. रिकाम्या पडद्याच्या वेळी काहीच उजळलं नाही.

बाहेर त्यांचे यजमान काशिराम फोटो घेऊन बसले होते. फोटोतल्या पोराचे ओठ घट्ट मिटलेले.

"डोले मिटते, पन येत नाय तो," बाई रडकुंडीला आल्या.

मला राहवेना. मी डोळे मिटले.

"पुढचा दात अर्धा तुटलाय," मी म्हणाले. "हसण्याआधी तो खाली बघतो."

काशिरामांच्या हातातला फोटो खाली पडला. बाईंनी माझा हात गच्च धरला.

"त्योच! आजून सांग, बाय."

मी नीट पाहिलं.

"केस ओले आहेत."