मागच्या पुठ्ठ्यातला कागद

"आक्काचं काय विचारायचं त्यात!" असं म्हणत बाळ्याने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि आपल्या थोरल्या बहिणीच्या नावापुढच्या रकान्यात, तिला एका शब्दाने न विचारता, लिहून टाकलं... 'नाही. कधीच नाही.'

प्रश्न होता, 'संधी मिळाल्यास आपण हा प्रांत सोडून जाल काय?'

खिडकीशी बसून छापखान्याचं काम उरकणाऱ्या आक्काची सुई कागदाच्या घडीत अर्धी शिरली आणि तिथेच अडली. चाळीस वर्षं ती पुस्तकं बांधत आली होती; घडी, शिवण, खळ, पुठ्ठा... बोटांना आता सुई टोचलेली कळतही नसे. पण हे टोचलं!

सरकारी पाहणीचा तो कागद सकाळी एक बाई घरोघर देऊन गेली होती आणि पाचला परत न्यायला येणार होती. 'आपल्या प्रांताबद्दल आपणांस काय वाटते?' असं वर ठळक छापलेलं होतं. या घरात फॉर्म भरण्याची आईच्या वेळेपासूनची एक रीत होती. कुठलाही कागद आला की तो आक्काने भरायचा, कारण अक्षर तिचं. आधी पेन्सिलीने लिहायचं, मग घरातल्या प्रत्येकाने वाचायचं, आणि मगच शाईने गिरवायचं. शाईने लिहिलेलं मात्र खोडायचं नाही आणि फाडायचं तर त्याहून नाही. आज आक्काच्या हातात काम होतं, म्हणून धाकट्या भावाने हौसेने पेन्सिल उचलली होती.

बाळ्या! पन्नाशी उलटली, डोक्यावरचं केसांचं छप्पर उडालं, राजधानीच्या मोठ्या ग्रंथालयात जीर्ण पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या खात्याचा तो मुख्य झाला, तरी घरात तो बाळ्याच. राजधानीत जाऊन राहिलेल्या इथल्या लोकांचं एक मंडळ होतं, त्याचाही तो अध्यक्ष. मंडळाचा मेळावा यंदा प्रथमच इथल्या शाळेत, संध्याकाळी सहाला भरणार होता आणि त्यात आक्काचा सत्कार होता... मातीशी एकनिष्ठ राहिलेली भगिनी म्हणून!

"चिमे, तुझंही 'नाही'च ना गं?" बाळ्याने विचारलं.

चिमी ही त्यांच्या मधल्या बहिणीची मुलगी. तिची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. बापाने दुसरा संसार मांडला आणि पोर मावशीच्या पदराखाली वाढली. कृत्रिम हातपाय बनवायचं काम ती शिकली होती. चहाचे कप ठेवता ठेवता ती थबकली.

"हो मामा. नाहीच लिही."

"शाब्बास! आक्काच्या हाताखालची आहेस."

"नाही म्हणजे?" आक्काने सुई खाली ठेवली. "त्या दूरच्या इस्पितळाच्या कारखान्यातून तुला बोलावणं आलंय ना? उद्या होकार कळवायचाय ना?"

चिमी कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "मी नकाराचं पत्र लिहून ठेवलंय, मावशी."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तू काही इथून हलायची नाहीस, तुझा जीव या प्रांतात अडकलाय. मग तुला एकटीला टाकून मी जाऊ?" तिने कप खाली ठेवला. "मामा म्हणतो ते खरंय. कुणीतरी राहायला हवं."

आक्काने भावाकडे पाहिलं. तो समाधानाने मान डोलवत होता... अगदी भरल्या पोटी डोलवावी तशी! आणि इतकी वर्षं अंतःकरणाच्या तळाशी दाबून ठेवलेला संताप, झाकण उडून जावं तसा उसळून वर आला.

"कुणीतरी म्हणजे कुणी रे बाळ्या? तू का नाही?"

"अगं, मी..." तो हसला. "माझं मन इथेच असतं, आक्का."

"मन ठेवायला जागा लागत नाही रे! शरीर ठेवून बघ इथे!" ती उठून उभी राहिली. मांडीवरचे कागद जमिनीवर पसरले, तिने पाहिलंही नाही. "ही खिडकी बघ. सकाळी पुसली होती, आता बोट फिरव. खाणीची पांढरी धूळ! नदीवर पुलाचे तीन खांब एकोणीस वर्षं उभे आहेत, त्यावर बगळे बसतात. डॉक्टर मंगळवारी येतो, म्हणजे आजारी पडायचं तर सोमवारी पडावं! आणि तू तिकडे व्यासपीठावर चढून म्हणतोस, 'आमच्या मातीचा गंध...' गंध! त्याच गंधाने आईची छाती भरली. बसल्या बसल्या झोपायची ती सात वर्षं, आडवं झालं की श्वास कोंडायचा. तेव्हा तुझं मन कुठल्या खोलीत होतं रे?"

"मावशी, पुरे..." चिमीने तिचा हात धरला.

"नाही पुरे! बारा हजार वेळा शिवलाय मी तो 'आपला प्रांत' नावाचा धडा, शाळेच्या पुस्तकासाठी. 'येथील वारा आरोग्यदायी आहे.' शिवताना खोकत होते मी!"

बाळ्याचा चेहरा उतरला होता, पण अध्यक्षपण अजून उतरलं नव्हतं. तो जखमी स्वरात म्हणाला, "तू अशी बोलतेस? तू? आक्का, मी माझ्या प्रत्येक भाषणात तुझं वाक्य सांगतो. मला राजधानीला पाठवताना तू म्हणाली होतीस, 'तू जा, मला ही माती सोडवत नाही.' ते ऐकून लोक डोळे पुसतात गं! तूच म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते." ती एकदम थंड झाली, आणि ती थंडी तिच्या ओरडण्याहून भयंकर होती. "मीच म्हणाले होते... आण ते पुस्तक."

"कुठलं?"

"जे हातात धरून तू भाषणं देतोस."

बाळ्याने पिशवीतून ते काढलं. शाळेचं तेच छोटं पुस्तक, 'आपला प्रांत', आक्काने निळ्या कापडाने बांधलेलं. तो गाडीत बसला तेव्हा तिने त्याच्या हातात दिलं होतं. कडा झिजल्या होत्या, पण शिवण अजून घट्ट होती.

"पुढचा पुठ्ठा चिमटीत धर. आता मागचा धर. काय लागतं हाताला?"

त्याने धरलं. पुन्हा धरलं. भुवया आक्रसल्या. "मागचा... किंचित जाड आहे."

"चौतीस वर्षं!" आक्काचा आवाज फाटला. "चौतीस वर्षं लोकांची पुस्तकं बरी करतोस, पानावरचा डाग बघून शाईचं वय सांगतोस म्हणे, आणि माझ्या हातच्या बांधणीत एक पुठ्ठा जाड का, हे तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही? मी आणि वेडीवाकडी बांधणी? तेही तुझ्या पुस्तकाला?"

बाळ्याने ओलं फडकं मागितलं. चिमीने ते पिळून दिलं. मागच्या पुठ्ठ्याच्या आतून चिकटवलेल्या अस्तराच्या कागदावर त्याने ते हलकेच ठेवलं.

"ओल बेताने दे," आक्का रागातच म्हणाली. "खाली शाई आहे. पसरेल."

ते ऐकून त्याचा हात क्षणभर थांबला. खळ हळूहळू सुटली. पातळ पात्याने त्याने कोपरा उचलला, तिने शिकवल्यासारखा, आतून बाहेर, घाई न करता. अस्तराखालून चौघडी घातलेला एक पिवळा पडलेला कागद निघाला.

राजधानीच्या ग्रंथालयाचा फॉर्म होता तो. दोन वर्षांचं शिक्षण, पुढे तिथेच कायमचं काम. 'आपल्या छापखान्यातून एका व्यक्तीची निवड झाली आहे.' नाव आक्काचं. 'स्वीकार आहे काय?' या प्रश्नापुढे तिच्या त्या सुंदर, गोल अक्षरात, शाईने... 'होय. आनंदाने.'

चिमीने तोंडावर हात धरला.

बाळ्या कागदाकडे बघतच राहिला. "म्हणजे... माझी निवड झालीच नव्हती?"

"निवड झालेल्याला येणं जमलं नाही तर त्याच छापखान्यातलं दुसरं नाव कळवा, असं पत्रात होतं. दुसरा फॉर्म मागवला. तुझं नाव घातलं. पहिला फाडता येईना... शाईने लिहिला होता ना!" ती खाली बसली. राग अजून होता, पण आता त्याला पाणी सुटलं होतं. "बाबा गेले आणि तू जेवणं टाकलंस. छापखान्यात कागद कापायला उभा राहायचास आणि नजर कुठेच नसायची. एक दिवस आईला म्हणालास, 'इथे राहिलो तर मी कुजून जाईन.' मी दाराआड होते. मला वाटलं... मी नाही कुजणार. मी चिवट आहे. जाऊ दे याला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर गेला असतास?"

त्याने कागद हळूच टेबलावर ठेवला.

"म्हणून मातीचं सांगितलं. एक खोटं, तुला गाडीत बसवण्यापुरतं! मला काय ठाऊक, तू त्याच्यावर अख्खं मंडळ उभारशील!" तिने डोळे पुसले आणि लगेच पुन्हा भडकली. "आणि त्याचं मला काही नाही रे. लोकांनी डोळे पुसले, पुसू देत. पण तेच खोटं आज या पोरीच्या पायात घालतोस? एकदा मी माझं मन मारलं, ते माझ्या मर्जीने. हिचं मन माझ्या नावाने मारायचं नाही! माझा जीव मातीत अडकलाय म्हणे! चिमे, इकडे बघ. मला कधी विचारलंस?"

"नाही मावशी..." चिमी हुंदके देत तिच्या गुडघ्यांशी बसली. "मला वाटलं, सगळ्यांना ठाऊकच आहे."

"सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्टच कुणी विचारत नाही, बाळा."

बाळ्या उठला. आक्काच्या पायाशी, विखुरलेल्या कागदांत, तो लहान मुलासारखा बसला. अध्यक्षपण कुठल्या कुठे गळून पडलं होतं. "आक्का, तिथे माझ्या टेबलासमोर मोठी खिडकी आहे," तो तुटक तुटक म्हणाला. "बाहेर झाडं आहेत... ती खिडकी तुझी आहे. इतकी वर्षं मी तुझ्या खिडकीत बसलो गं... आणि इथे येऊन तुलाच मातीचं सांगत होतो!" आणि तो ढसाढसा रडू लागला.

आक्काचा हात नकळत त्याच्या टकलावर गेला. "पुरे आता. सहाला भाषण आहे ना? नाक लाल होईल."

"भाषणात मी हे सांगणार आहे. सगळं."

"मंडळ हाकलून देईल तुला."

"देऊ दे."

"मग ये इथे राहायला. इथे जागेचा तोटा नाही, सगळेच तर निघून गेलेत!" ती म्हणाली, आणि रडता रडता तिघंही हसली.

दारावर टकटक झाली. पाच वाजले होते. पाहणीवाली बाई घामाघूम होऊन उभी होती, साडीवर पांढरी धूळ. चिमीने तिला पाणी दिलं.

"झाला का भरून? या गल्लीत सगळ्यांनी तक्रारीच लिहिल्यात हो," बाई पाणी पिऊन म्हणाली. "पण लिहिणारच. भिकार प्रांत आहे, दुसरं काय?"

"ए बाई!" आक्का ताडकन म्हणाली. "तू इथली का?"

"नाही, मी पलीकडच्या..."

"मग तोंड सांभाळ! आमच्या प्रांताला नावं ठेवायची ती आम्ही ठेवू. आईचा दमा वाढला की याच गल्लीतल्या चार बाया रात्रंदिवस पाळीने तिला टेकू देऊन बसायच्या. तुझ्या कागदात आहे त्यांच्यासाठी रकाना?"

बाई बिचारी हातातले कागद सारखे करू लागली. बाळ्याने मान खाली घालून हसू लपवलं. मग त्याने रबर घेतलं, आक्काच्या नावापुढचं आपलं अक्षर सावकाश पुसून काढलं आणि पेन्सिल हातात धरून, जन्मात पहिल्यांदा, विचारलं, "आक्का, काय लिहू? संधी मिळाली तर हा प्रांत सोडून जाशील?"

आक्काने टेबलावरच्या त्या पिवळ्या कागदाकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर, धुळीत उभ्या असलेल्या पुलाच्या तीन खांबांकडे.

"गेले असते," ती म्हणाली.

"आजी, तसं लिहिता येत नाही हो," बाई हळूच म्हणाली. "'होय' किंवा 'नाही', दोनच आहेत."

"मग माझा रकाना मोकळा सोडा. सरकारला म्हणावं, उशिरा विचारलंत."

आणि तिने पेन उघडलं, कागद स्वतःकडे ओढला, 'जायचंय ना?' म्हणून चिमीला विचारलं, तिने मान हलवताच तिच्या नावापुढचं पेन्सिलीचं 'नाही' रबराने साफ केलं, आणि त्या गोल, सुंदर अक्षरात, आधी पेन्सिलीने न लिहिता, थेट शाईने लिहिलं... 'होय. आनंदाने.'