मावशीचा सीन पुन्हा घ्या!

"हसायचं नाही! जो हसेल त्याला सीनमधून काढून टाकीन!" काळा गॉगल घातलेल्या डायरेक्टरने भोंग्यातून दम भरला आणि गल्लीतली चाळीस माणसं चिडीचूप झाली.

भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू सुट्टीत मावशीकडे आले होते. चार दिवस त्यांच्या कानांवर दुसरा विषयच नव्हता. हिंदी पिक्चर! विनोदी! ठगांच्या टोळीवरचा! त्यातला एक प्रसंग मावशीच्या शिवणकामाच्या कारखान्यात घडणार होता. ठग पोलिसांच्या कपड्यांत येतात, खोटा कागद दाखवतात आणि भोळ्या शिंपिणीच्या सहाही मशिनी ट्रकमध्ये घालून नेतात. शिंपिणीचं काम मावशीच करणार होती. काका गेल्यावर अकरा वर्षं राबून तिने एकेक करत या सहा मशिनी जमवल्या होत्या, आणि तिच्यासकट सहा बायकांची घरं त्यांच्यावर चालत होती. तिला एकच वाक्य होतं. कापड बेतताना, भांडी घासताना ती तेच घोकत होती.

"अ‍ॅक्शन!"

खोटे पोलीस आत घुसले. मशिनी बाहेर निघू लागल्या. मावशी हात पसरून दारात उभी राहिली. "साहब, ये मशीन नहीं, मेरे हाथ हैं!" म्हणताना तिचा आवाज मध्येच फाटला. शेजारचे इस्त्रीवाले काका डोळे पुसू लागले. भिंगरीनेही बाही डोळ्यांना लावली.

"कट! एक नंबर!"

इस्त्रीवाल्यांचा चष्मिस मुलगा, ज्याला सगळे प्रोफेसर म्हणत, भिंगरीच्या कानाशी लागला. "काहीतरी गडबड आहे. शाळेच्या नाटकात सरांनी एकेक प्रवेश दहा-दहादा करून घेतला होता. हे एकदाही 'पुन्हा' म्हणाले नाहीत!"

"मावशीने छान केलं म्हणून असेल."

"मग सीन संपल्यावर मशिनी उतरवायच्या सोडून बांधतायत कशाला?"

खरंच की! खोटे पोलीस मशिनींच्या मध्ये जुन्या चादरी कोंबून दोर आवळत होते. तेवढ्यात ढब्बू धावत आला. "ताई, मी कॅमेऱ्यातून बघितलं. नुसता काळोख!"

भिंगरी मावशीकडे धावली. "मावशी, हे खरंच नेतायत!"

"गप गं! सगळे बघतायत," मावशी पुटपुटली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ट्रक कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणार आहे. मी सही दिलीय."

"कशावर?"

"मशिनी खुशीने दिल्या म्हणून."

प्रोफेसर पोलीस चौकीकडे सुसाट सुटला. ट्रकचं इंजिन घरघरलं. "चोर! चोर!" ढब्बू जिवाच्या आकांताने ओरडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वा! पोरगं काय काम करतंय!"

आता ओरडून उपयोग नव्हता. भिंगरी ट्रकसमोर जाऊन उभी राहिली. तिला जे बोलायचं होतं ते बोलवत नव्हतं, पण ती बोललीच. "थांबा! मावशीने भिकार काम केलं! रडणं खोटं, हिंदी चुकीचं! पिक्चर साफ आपटेल! पुन्हा घ्या!"

मावशीने मान खाली घातली.

"नाही, नाही, उत्तम झालं," डायरेक्टर घाईघाईने म्हणाला.

पण कॅमेऱ्यात पुन्हा एकदा दिसायची संधी कोण सोडतो? "पुन्हा! पुन्हा! मी तर कॅमेऱ्याच्या पाठीमागेच होतो!" सगळी गल्ली ओरडू लागली. इस्त्रीवाले काका ट्रकवर चढून दोर सोडायला लागलेसुद्धा. नको म्हणावं तर पितळ उघडं पडणार! डायरेक्टरला घाम फुटला.

चौथी मशीन खाली उतरली तेव्हा प्रोफेसर दोन पोलिसांना घेऊन आला.

"हे आणखी कुठले नट? यांचे कपडे अंगाला बसलेले नाहीत," कारखान्यातली एक बाई म्हणाली. त्यांच्यातल्या एका शिपायाने डायरेक्टरचं बखोट धरलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

मग कौतुकाला ऊत आला. "आम्ही मोठी माणसं टाळ्या पिटत बसलो आणि पोरांनी गल्लीची लाज राखली!" इस्त्रीवाले काका पुन्हा पुन्हा सांगत होते. पोलिसांनी तिघांची पाठ थोपटली.

मावशी मात्र आत एकटीच मशीन पुसत बसली होती. भिंगरी दारात घुटमळली.

"मावशी, मी खोटं बोलले गं. तू इतकं छान केलंस की मलाच रडू आलं."

"मी काम करतच नव्हते," मावशी म्हणाली. "पहिली मशीन दाराबाहेर गेली, तेव्हाच मला कळलं होतं. पण इतकी माणसं बघत होती. त्यांच्यासमोर 'मी फसले' असं कसं म्हणू?"

भिंगरीने दुसरं फडकं घेतलं आणि ती शेजारची मशीन पुसू लागली.